दुपारी चारला जड होणारं डोकं: ताणाच्या डोकेदुखीत दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी सगळं ठीक. दुपारचं जेवण झालं की कपाळ आणि कानशिलं भरून यायला लागतात, चार-साडेचारपर्यंत डोक्याभोवती फडकं आवळून बांधल्यासारखं होतं, मान आखडते. चहा आणि गोळी घेतली की तास-दोन तास बरं वाटतं आणि परवा पुन्हा तेच. काम अडत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाणं होत नाही. गेलंच तर बीपी मोजलं जातं, ते नॉर्मल निघतं आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्या सल्ल्यावर माणूस घरी येतो.

मनावरचा ताण हे या दुखण्याचं एक कारण असतं, एकमेव नव्हे. मान, खांदे, जबडा आणि कवटीभोवतीचे स्नायू दिवसभर एकाच स्थितीत अडकून राहिले की त्यांच्याकडून दुखण्याचे संदेश मेंदूकडे जात राहतात. हे महिनोन्‌महिने चाललं तर दुखणं ओळखणारी आतली यंत्रणाच हळवी होते आणि एरवी जाणवलाही नसता असा दाब दुखायला लागतो. म्हणून महिन्यातून दोनदा दुखणाऱ्या डोक्याचे उपाय वेगळे आणि महिन्यातून वीस दिवस दुखणाऱ्याचे वेगळे. किती जोरात दुखतं याला इथे फारसं महत्त्व नाही. महिन्यातून किती दिवस दुखतं, दिवसाच्या कुठल्या वेळी सुरू होतं आणि त्यातल्या किती दिवशी गोळी घेतली, या तीन गोष्टी लिहून ठेवल्या की निम्मं काम झालं.

त्यासाठी ॲप वगैरे लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात ज्या दिवशी डोकं दुखलं त्या तारखेवर तिरकी रेघ मारा, सुरू झाल्याची वेळ शेजारी लिहा, गोळी घेतली असेल तर तारखेभोवती गोल करा. चार आठवडे पुरेत, आठ झाले तर उत्तम.

आधी खात्री: हीच का ती डोकेदुखी?

इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या २०१८च्या वर्गीकरणानुसार ही डोकेदुखी अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकू शकते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दुखणं, न ठणकता दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं वाटणं, त्रास सौम्य ते मध्यम असणं आणि चालण्या-चढण्याने न वाढणं, या चारपैकी निदान दोन खुणा जुळाव्या लागतात. शिवाय मळमळ-उलटी नसते. उजेड आणि आवाज यांपैकी फार तर एकाचा त्रास होतो, दोन्हींचा नाही.

घरच्या घरी करायची चाचणी म्हणजे जिना. डोकं दुखत असताना नेहमीच्या चालीने दोन मजले चढून या. दुखणं होतं तेवढंच राहिलं किंवा मोकळ्या हवेत थोडं हलकं वाटलं, तर ताणाच्या डोकेदुखीच्या बाजूने एक मत पडलं. प्रत्येक पायरीला डोक्यात ठोका पडत असेल आणि कधी एकदा अंधाऱ्या खोलीत पडतो असं होत असेल, तर अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा विचार आधी करायला हवा.

आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत ‘पित्ता’ची आहे. ‘माझं पित्ताचं डोकं आहे, उलटी झाली की उतरतं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांना मायग्रेन असतो. मळमळ हा त्या दुखण्याचाच भाग असतो, पोटात कारण नसतं. ‘सायनस’चंही तसंच. पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, नाक चोंदणं यांतलं काही नसताना वारंवार कपाळ आणि डोळ्यांमागे दुखत असेल, तर त्या बिचाऱ्या सायनसचा सहसा काही दोष नसतो. तीन प्रश्न स्वतःला विचारा: दुखताना मळमळतं का? उजेड नकोसा होतो का? गेल्या तीन महिन्यांत डोक्यापायी एखादा दिवस तरी कामं सोडावी लागली का? तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर मायग्रेनची शक्यता मोठी आणि त्याची औषधंही निराळी. मान आखडणं मायग्रेनमध्येही होतं, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका. दोन्ही प्रकार एकाच माणसाला असणंही नेहमीचंच. तसं असेल तर तारखेवर ‘ता’ आणि ‘मा’ अशी अक्षरं लिहा.

बीपीबद्दलही सांगायला हवं. १५०-९० सारख्या आकड्याने सहसा डोकं दुखत नाही. डोकेदुखीचा दोष रक्तदाबावर टाकायचा तर तो १८०-१२० च्या घरात, तोही एकदम चढलेला असावा लागतो. दुखतंय म्हणून बीपी थोडं वाढलेलं दिसणं ही उलटी गोष्ट.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचलेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं. तापासोबत मान ताठ होणं. बोलताना शब्द अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, फिट येणं, गुंगी. यांतलं काहीही असलं तर थेट मोठं रुग्णालय, तेही त्याच वेळी.

डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, अगदी काही आठवड्यांनी सुरू झालं तरी, दाखवावंच लागतं; वयस्कर माणूस असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विशेषच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी ताणाची समजू नका. त्यात केस विंचरताना कानशील दुखत असेल आणि भाकरी चावताना जबडा दमत असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाते, म्हणून त्याच दिवशी दाखवा. पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलटी होणं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर दुखणं वाढणं, वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू होणं, आधी कॅन्सर, टीबी किंवा एचआयव्ही असणं, या सगळ्यांतही घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

एक खास आपल्या घरांतलं कारण. आंघोळीनंतरच डोकं दुखत-गरगरत असेल आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवलेला असेल, तर तो आजच बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची सुरुवातीची लक्षणं अगदी साध्या डोकेदुखीसारखीच असतात. घरातल्या दोघा-तिघांची डोकी एकाच दिवशी दुखली तर संशय पक्का धरा. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवून आत फक्त पाण्याचा पाइप आणणं हाच खरा उपाय.

बोटांनी शोधा

ताणाच्या डोकेदुखीत दुखऱ्या स्नायूंचा शोध हाताला लागतो, यंत्राला नाही. तर्जनी आणि मधलं बोट जोडून, बऱ्यापैकी दाब देत, छोटी वर्तुळं काढत चाचपायचं.

कानशिलापासून सुरुवात करा. दात एकमेकांवर दाबलेत की बोटाखाली फुगतो तो चावण्याचा एक स्नायू. दुसरा कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याच्या किंचित पुढे. तिथे गाठीसारखं घट्ट आणि हळवं लागलं तर झोपेत दात खाण्याची किंवा दिवसभर दातावर दात आवळून ठेवण्याची सवय तपासा. शांत बसलेलं असताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत. संगणकावर काम करताना बहुतेकांचे ते सुटे नसतात. हे वाचताना तुमचे आहेत का ते पाहा. सुपारी आणि च्युइंगम सतत चघळणाऱ्यांना इथे बराच खुलासा होतो.

नंतर कवटीचा मागचा उंचवटा. त्याच्या लगेच खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं घुसतील अशा दोन मऊ जागा असतात. डोकं पुढे काढून बसणाऱ्यांची ही जागा हमखास दुखते आणि दाबल्यावर कळ पुढे डोळ्यांच्या वर येते. शेवटची जागा मान आणि खांदा यांच्या मधोमध, जिथे झोळीचा पट्टा येतो. तिथलं मांस अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबा. इथली कळ मानेच्या कडेने वर चढून कानशिलात जाते.

नेहमीचंच दुखणं दाबल्यावर जसंच्या तसं जागं झालं तर तो तुमचा स्नायू. उपाय तिथे करायचा, कपाळावर नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे दाबू नका. आणि सलूनमध्ये मसाज करताना मान कडाकड मोडून घेण्याचा प्रकार पूर्ण बंद. त्या झटक्याने मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्षणभर मोकळं वाटण्यासाठी ही जोखीम घ्यायची काहीच गरज नाही.

घड्याळावरून कारण

सुरू होण्याची वेळ बरंच सांगून जाते.

*उठल्या उठल्या दुखत असेल* तर दात खाणं, मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं, किंवा गोळ्यांचा अतिरेक, या क्रमाने पाहा. श्वास अडखळण्याने होणारी डोकेदुखी दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी असते आणि उठल्यावर चार तासांच्या आत जाते. दिवसा पेंग येत असेल आणि घोरण्याबद्दल घरचे तक्रार करत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. मानेचे व्यायाम इथे उपयोगाचे नाहीत. उशी दोन-तीनची चळत नको. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांतलं अंतर भरून निघेल आणि मान सरळ राहील एवढीच जाडी पुरे.

*ऑफिसला पोहोचताच* दुखत असेल तर हेल्मेट घट्ट बसतंय का ते पाहा. डोक्यावर सतत दाब पडून होणारी डोकेदुखी तासाभरात सुरू होते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. भुवयांच्या साधारण एक इंच वरून टेपने डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं हेल्मेट घ्या. कपाळावर लाल वळ उठत असेल तर ते लहान आहे. डोकं दुखतं म्हणून हेल्मेट सोडणं हा अर्थातच उपाय नव्हे. घट्ट वर बांधलेल्या अंबाड्याने किंवा पोनीटेलने टाळू दुखते तिचाही हिशोब हाच: केस सोडल्यावर तासाभरात थांबली तर कारण सापडलं.

*अकरा ते एकच्या दरम्यान* दुखणं उपाशीपोटीचं. नुसत्या चहा-बिस्किटावर निघणारे आणि संकष्टी-एकादशीला डोकं धरून बसणारे याच गटात येतात. उपास करायला हरकत नाही. पाणी, ताक, फळं दर दोन-तीन तासांनी पोटात जाऊ द्या आणि नेहमीचा चहा त्याच दिवशी तोडू नका.

*रविवारीच* दुखत असेल तर चहा-कॉफीची वेळ तपासा. रोज सहाला पिणारा माणूस सुट्टीच्या दिवशी दहाला उठतो. कॅफिन थांबल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते आणि चहा पूर्ण सोडला तर दोन ते नऊ दिवस टिकू शकते. कमी करायचा असेल तर दर तीन-चार दिवसांनी एक कप या गतीने.

*दुपारी तीननंतर* सुरू होणारी ती आपली मूळ तक्रार. तिचं कारण बहुधा तुम्ही जिथे सहा-सात तास काढता त्या जागेत असतं.

टेबल, ओटा, शिलाई मशीन

माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मानेचे स्नायू जवळजवळ निवांत असतात. पुढे झुकलं की तेच वजन मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावं लागतं. नुसता लॅपटॉप वापरणाऱ्याला हे टाळता येत नाही, कारण त्याचा पडदा योग्य उंचीला आणला तर कीबोर्ड हनुवटीखाली येतो. म्हणून लॅपटॉपखाली १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची पुस्तकं ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर.

इथे एक फसगत होते. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लागलेली माणसं काचेच्या खालच्या भागातून वाचतात. त्यांनी पडदा वरील नियमाने ठेवला तर वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि कवटीखालच्या त्या दोन जागा आवळल्या जातात. अशांनी पडदा ५ ते १० सेंटिमीटर खाली घ्यावा, किंवा संगणकाच्या अंतराचा वेगळा एकाच नंबराचा चष्मा करून घ्यावा. ‘चष्मा बदलल्यापासूनच डोकं दुखतंय’ या तक्रारीत नंबर बरोबर आणि मान चुकीची, असं पुष्कळदा निघतं. नंबराचाच दोष असेल तर डोकं वाचता-वाचता दुखायला लागतं आणि सकाळी उठल्यावर कधीच दुखत नाही.

दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे कोपर. कोपरांना आधार नसला की दोन्ही हातांचं वजन मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू पेलत राहतो. खुर्चीला हात नसतील तर कीबोर्ड आत सरकवून कोपरापर्यंतचे हात टेबलावर टेकवा. महागडी खुर्ची घेण्याआधी एवढं करून पाहा; बरेचदा खर्च वाचतो.

स्वयंपाकघरातही हेच. उभं राहून हात कोपरात वाकवला तर कोपर ओट्यापासून १० ते १५ सेंटिमीटर वर असावं. उंच बाईला बुटका ओटा मिळाला की चिरताना आणि पोळ्या लाटताना मान तासभर खालीच राहते. पोळपाट जाड लाकडी पाटावर ठेवा, चिरण्याचं काम टेबलाशी बसून करा. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांनी स्टूल मशीनच्या जवळ ओढावं आणि सुईवर वेगळा दिवा लावावा, म्हणजे दिसण्यासाठी वाकावं लागत नाही. लोकलमध्ये उभ्याने मोबाइल पाहताना फोन छातीशी न धरता डोळ्यांसमोर आणा आणि तो हात दुसऱ्या हाताने कोपराखाली पेला.

बसण्याची पद्धत कितीही आदर्श असली तरी ती सलग दोन तास टिकवली तर दुखणारच. दर अर्ध्या तासाने उठा, मिनिटभर चाला.

डोकं चढलेलं असताना

पाणी प्या, जेवण राहिलं असेल तर काहीतरी खा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून मानेच्या मागे आणि खांद्यांवर १५ मिनिटं ठेवा. काहींना बर्फाचा शेक बरा वाटतो, दोन्ही चालतात. कवटीखालच्या जागांसाठी एका मोज्यात दोन टेनिस बॉल घालून गाठ मारा, जमिनीवर उताणं पडा आणि बॉल उंचवट्याच्या लगेच खाली येतील असे ठेवून पाच मिनिटं ‘हो’ म्हटल्यासारखी मान अगदी हळू हलवा. बॉल मानेच्या मध्यावर सरकले तर मणक्यावर दाब येतो आणि आराम मिळत नाही.

बामला उगाच नावं ठेवू नयेत. कपाळ आणि कानशिलांना लावलेल्या १० टक्के पुदिन्याच्या तेलाचा ताणाच्या डोकेदुखीवरचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. जर्मनीत ते त्यासाठी अधिकृतपणे वापरतात. आपल्या बाममधला मेंथॉल त्याच जातीचा. डोळ्यांपासून लांब आणि तान्ह्या बाळाजवळ मुळीच नाही, एवढं पथ्य पाळा. सुंठेचा लेप मात्र तासभर वाळू दिला तर नाजूक कातडी भाजते. दहा मिनिटांत पुसा.

गोळीचा हिशोब

या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा नीट तपासलेला डोस प्रौढ माणसाला एका वेळी १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५००च्या दोन गोळ्या. एकच ५००ची घेऊन ‘मला लागू पडत नाही’ म्हणणारे पुष्कळ. ६५०च्या दोन घेऊ नयेत, १३०० होतात. दोन डोसांत सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत राहणं बरं. सर्दी-तापाच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. यकृताचा आजार, नियमित दारू किंवा वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच.

आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम बहुधा थोडं जास्त गुणकारी ठरतं, पण जेवणानंतरच. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं, गोळीने उठणारा दमा, गरोदरपण, यांत ते नको. पावसाळ्यात तापासोबत डोकं दुखत असेल तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन द्यायचंच नाही.

वेळेलाही महत्त्व आहे: सुरुवातीला घेतलेली गोळी काम करते, पाच तास सोसून घेतलेली अर्धंच करते. पण आठवड्यातून दोन दिवसांवर जाऊ नका. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफिन-कोडीन मिसळलेली आणि मायग्रेनची काही औषधं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखी करू लागते. मेडिकलमध्ये ‘डोकेदुखीची’ म्हणून मागितल्यावर मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या मिश्रणाच्या असतात. पाकिटावरचे घटक वाचा. इथे गोळ्यांची संख्या न मोजता दिवस मोजायचे. एका दिवसात तीन गोळ्या हा एकच दिवस.

तारखांभोवतीचे गोल या मर्यादेपलीकडे गेले असतील तर साधी गोळी एकदम थांबवता येते. पहिले दोन ते दहा दिवस डोकं आणखी दुखेल, झोप बिघडेल; ही अवस्था अपेक्षितच आहे, ‘गोळीशिवाय माझं चालत नाही’ याचा तो पुरावा नव्हे. परीक्षा, लग्नकार्य, मार्चअखेर यांच्या तोंडावर हा उद्योग करू नका. खरा फरक कळायला दोन महिने द्या. कोडीन, ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून थांबवायच्या नाहीत.

मानेला रोज दहा मिनिटं

१. भिंतीला पाठ लावून बसा. हनुवटी खाली न झुकवता, टेबलाचा खण आत ढकलावा तशी सरळ मागे सरकवा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेक जण मान वाकवतात किंवा दात आवळतात, दोन्ही चुकीचं.

२. उजवा हात मांडीखाली दाबून बसा, डोकं डाव्या खांद्याकडे कलवा, ३० सेकंद. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा. डोकं हाताने ओढू नका, त्याचं वजन पुरेसं आहे.

३. दोन्ही हातांत अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हात बाजूने, किंचित पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचला आणि तितकेच सावकाश खाली आणा. दहा-बारा वेळा. खांदे कानाकडे चढायला लागले की थांबा. ताण देण्याचे व्यायाम सगळे करतात, हा ताकदीचा कुणी करत नाही आणि दुखणं परत येण्याचं ते एक मोठं कारण.

रात्री अंथरुणावर पायापासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायूगट पाच-सात सेकंद आवळून वीस-तीस सेकंद सैल सोडा. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत बसवली. शवासन येत असेल तर त्याआधी हे करा. आवळून सोडल्यामुळे सैलपणा म्हणजे काय ते अंगाला कळतं. खांदे आणि जबडा यांवर दोनदा फेरी.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं तर व्यायाम निरुपयोगी होता असं म्हणता येणार नाही. मानेचा पट्टा लावून बसू नका, त्याने स्नायू आणखी दुबळे होतात. आणि एक्स-रेवर ‘स्पॉन्डिलायटिस’ लिहून आलं म्हणून हबकू नका. पन्नाशीच्या पुढे मणक्यांची झीज बहुतेकांच्या फिल्मवर दिसते, ज्यांचं कधीच काही दुखलं नाही त्यांच्याही.

महिन्यातून पंधरा दिवसांवर गेलं तर

तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा जास्त दिवस दुखत असेल तर ती जुनाट ताणाची डोकेदुखी. इथे घरगुती दुरुस्ती एकटी पुरत नाही. आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन. त्यांना तारखांचा कागद दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणं रास्त. चित्र सरळ असेल आणि तपासणीत मज्जासंस्थेचा दोष दिसत नसेल तर एमआरआयचा आग्रह धरू नका. उदासी, सतत धडधड, झोप न लागणं असेल तर तेही सांगा, कारण त्यावर उपचार न करता डोकं सुधारत नाही.

या टप्प्यावर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध ॲमिट्रिप्टिलीन. रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून डॉक्टर ते हळूहळू वाढवतात. अनेकांना २५ ते ७५ मिलिग्रॅमच्या दरम्यान गुण येतो, तोही चार ते सहा आठवड्यांनी. तोंड कोरडं पडणं, सकाळी सुस्ती, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी घेतलं तर सकाळची सुस्ती कमी राहते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर आधीच सांगा.

पाकिटातल्या कागदावर ‘नैराश्यावरील औषध’ वाचून अनेक जण ते पहिल्याच आठवड्यात सोडतात. नैराश्यासाठीचा डोस सहसा याहून जास्त असतो; इथे ते दुखण्याच्या हळव्या झालेल्या यंत्रणेसाठी दिलेलं असतं. रोजच घ्यायचं असतं, दुखेल तेव्हा नाही. दुखण्याचे दिवस निम्म्याने घटले तर औषध लागू पडलं असं धरतात आणि साधारण सहा महिने चालू ठेवतात. नंतरही एकदम बंद केलं तर मळमळ होते, झोप उडते आणि डोकं पुन्हा दुखू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवायची.